मरतुकीची वही

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवळी लागते. तिथे, आणि खरे तर विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, डुकराविषयीचे बोलणे दोन तऱ्हेचे असते. वावरातले बोलणे रानडुकराचे: रातोरात हरभरा उलथला, तूर आडवी केली, झटका मशीन लावली तरी कळप धुऱ्यावरून आत शिरला. गावातले बोलणे गावडुकराचे: नगरपरिषदेने ती एकदाची पकडून न्यावीत. दोन्हीकडे डुक्कर म्हणजे तक्रार. मात्र तक्रार करता करताच एक तिसरे वाक्य निघते आणि त्यात नकळत कौतुक असते: नालीत लोळते, हगणदारीत चरते, तरी मरत नाही, मोठे काटक जनावर.

हे तिसरे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. त्यात पशुविज्ञानातला एक मोठा प्रश्न आहे आणि त्याचे न तपासलेले उत्तरही आहे.

मरत नाही, हे कुणी मोजले? डुकरिणीचा गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा. वर्षातून दोनदा ती विऊ शकते आणि दर वेताला अनेक पिले देते. त्यातली किती पिले दूध तुटेपर्यंत टिकली, किती जुलाबाने गेली, किती कुत्र्यांनी नेली, किती वाहनाखाली आली, याची नोंद गावात कुठेच नसते. जगलेले जनावर रस्त्यावर दिसते. मेलेले दुसऱ्या दिवशी दिसत नाही. निम्मी पिले दगावली तरी रस्त्यावरची संख्या कमी झाल्यासारखी वाटणार नाही, आणि पाहणारा म्हणेल, बघा, कशी धडधाकट आहेत. भराभर विणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत संख्या टिकणे आणि रोगाला तोंड देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावठी डुक्कर काटक आहे असे म्हणणाऱ्याने आधी त्यांचा घोळ सोडवायला हवा.

तरीही काटकपणाची गोष्ट निव्वळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. डुकराच्या जनुकांत रोगाशी झुंजण्याची तऱ्हा ठरवणारे वैविध्य असते, हे आता पक्के माहीत आहे. डुकराला गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यांतल्या सातव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक दाट पट्टा आहे. माणसात अवयवरोपणाआधी ज्या जनुकांची जुळणी पाहतात, त्याच कुळातली ही डुकराची जनुके. पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या खाचेत धरून पेशीच्या पृष्ठभागावर मांडणे, हे त्यांच्यापासून बनणाऱ्या रेणूंचे काम. विषाणू आत शिरला असेल तर त्याचाही तुकडा बाहेर मांडला जातो, रक्तातली टी-पेशी तो ओळखते आणि त्या पेशीचा निकाल लावते. खाचेचा आकार जनुकाच्या बारीकसारीक फरकांवर ठरतो. एका डुकराची खाच एका विषाणूचा तुकडा घट्ट पकडते, दुसऱ्याची पकडत नाही. म्हणून ज्या कळपात या खाचांचे प्रकार जास्त, तो कळप एका साथीत सगळाच्या सगळा जाण्याची शक्यता कमी. इथे कोणताही एक प्रकार सर्वोत्तम नसतो. आज जो सामान्य, त्याला चुकवायला विषाणू उद्या शिकतो, आणि मग कालपर्यंत दुर्मीळ असलेला प्रकार कामी येतो.

याखेरीज टोल कुळातले ग्राहक रेणू आहेत. जिवाणूच्या भिंतीचा तुकडा, त्याच्या शेपटीचे प्रथिन, विषाणूचा आरएनए अशा ठरावीक खुणा ते ओळखतात. त्यांच्या जनुकांतही फरक सापडतात. पण इथे जास्त तिखट म्हणजे चांगले असे गणित नाही. प्रतिसाद फार जोरात आला तर दाह वाढतो आणि रोगापेक्षा त्यानेच जनावर खचते.

जनुकातले एक अक्षर बदलल्याने काय होते, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला पिलांच्या जुलाबाचा आहे. दूध तुटल्यावर पिलांना ई-कोलाय जिवाणूच्या एका प्रकाराने जुलाब आणि सूज येते. हा जिवाणू आतड्याच्या अस्तरावर साखरेच्या एका साखळीला चिकटतो. ती साखळी घडवण्यात 'फट-१' नावाच्या जनुकाचा हात असतो. त्यात ३०७ व्या जागी 'जी' ऐवजी 'ए' असेल, आणि आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत असेल, तर जिवाणूला चिकटायला जागाच उरत नाही. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ही खूण शोधली आणि युरोपातल्या पैदासकारांनी ती वापरली. रक्ताच्या थेंबावर होणारी साधी चाचणी, औषधाशिवाय जुलाब कमी.

आता यातला काटा पाहा. हा उपकारक 'ए' मुख्यतः युरोपीय जातींत आढळला. हजारो वर्षे गावोगाव वाढलेल्या चीनच्या बहुतेक देशी जातींत तो शोधूनही जवळपास मिळाला नाही. म्हणजे देशी तेवढे काटक हा नियम पहिल्याच कसोटीला डळमळतो. मोकाट हिंडणाऱ्या देशी पिलाला हा जुलाब कमी होतही असेल, पण ते सुटसुटीत राहणी, उशिरापर्यंत मिळणारे आईचे दूध आणि कमी गर्दी यांमुळेही होऊ शकते. गोठ्यात कोंडून, लवकर दूध तोडून, गव्हाच्या भुशावर वाढवले की तेच पिलू आडवे पडेल. गुण जनावराचा की राहण्या-जगण्याच्या रीतीचा, हे जनुक वाचल्याशिवाय ठरत नाही. आणि नुसते जनुक वाचूनही ठरत नाही, त्याकडे मी येतोच.

असाच एक धडा आफ्रिकन स्वाइन फिव्हरने दिला. १९२१ मध्ये केनियातून मॉन्टगोमेरी यांनी या रोगाचे पहिले वर्णन लिहिले. युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेली डुकरे पटापट मरत होती, आणि तिथलेच रानटी वॉर्टहॉग तो विषाणू अंगात बाळगून मजेत होते. शंभर वर्षांनी हा रोग चीनमार्गे पसरत २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात पोचला. लागण झालेल्या कळपात जवळजवळ एकही जनावर वाचत नाही, आणि बाजारात भरवशाची लस उपलब्ध नाही. एडिनबर्गजवळच्या रॉसलिन संस्थेतल्या संशोधकांनी वॉर्टहॉग आणि पाळीव डुक्कर यांच्यातला फरक 'रेला' नावाच्या जनुकात शोधला. वॉर्टहॉगच्या प्रकारासारखे बदल त्यांनी पाळीव डुकरात करून पाहिले. डुकरे तरीही आजारी पडली. उत्तर एका जनुकात मावणारे नव्हते. या फसलेल्या प्रयोगाला मी यशस्वी प्रयोगाइतकीच किंमत देतो, कारण असले निकाल जाहिरातीत येत नाहीत आणि लोकांना वाटत राहते की जनुक सापडले म्हणजे रोग गेला.

एकदा मात्र तसे खरोखर झाले. श्वसन आणि गर्भपाताच्या 'पीआरआरएस' या रोगाचा विषाणू 'सीडी-१६३' या रेणूच्या एका भागाला धरून पेशीत शिरतो. तेवढा भाग जनुकसंपादनाने काढून टाकलेली डुकरे अमेरिकेत तयार झाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांना मंजुरी दिली. ती डुकरे एका पैदास कंपनीची आहेत. कंपनीने काही वाईट केले असे मी म्हणत नाही, पण निसर्गात आधीच असलेले वैविध्य वाचले गेले नाही तर पुढे प्रत्येक रोगासाठी असेच विकत घेतलेले डुक्कर हा एकच रस्ता उरेल. आणि तो रस्ता देवळीच्या वराहपालकाच्या दारावरून जाणार नाही, हे उघड आहे.

मग देवळीतली डुकरे वाचायला अडचण काय? यंत्राची नाही, पैशाचीही फारशी नाही. हिशेब सोपा आहे. एखादा जनुकप्रकार कळपात शंभरात पाच प्रतींएवढा असेल, तर तो निदान एकदा तरी हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास एकमेकांशी नाते नसलेली ३० जनावरे पुरतात. नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, देवळीपासून ते दोन-अडीच तासांवर. तीस कानांचे कपचे, अल्कोहोलच्या कुप्या, शीतपेटी. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे काम.

पण वैविध्य सापडणे आणि त्याचा अर्थ कळणे यांत मोठे अंतर आहे. तोच पाच टक्क्यांचा प्रकार दोन्ही प्रतींत असलेले जनावर ४०० त एक. त्याला रोग झाला नाही असे म्हणायला रोग त्याच्यापर्यंत पोचला होता हे माहीत हवे, शेजारचे कोणते मेले हे हवे, आणि मेले ते त्याच रोगाने हेही हवे. शिवाय कोण कुणाचे पिलू? गावात पाच-सहा नरांचीच पैदास चालत असेल आणि बाकीचे खच्ची केले जात असतील, तर सगळा कळप भावंडांचाच. मग जनुकाचा गुण आणि घराण्याचा योगायोग यांत फरक करता येत नाही. जनुकांतल्या ठरावीक खुणा वाचणाऱ्या तयार चिपांवरही फार विसंबता येत नाही. डुकरासाठी २००९ मध्ये आलेल्या पहिल्या मोठ्या चिपवर ६० हजारांवर खुणा होत्या, पण त्या निवडल्या ड्यूरॉक, लँडरेस, लार्ज व्हाइट, पिएट्रेन या जाती आणि रानडुक्कर तपासून. विदर्भाच्या गावठी डुकरात त्यांच्यापलीकडे काही असेल तर ती चिप ते दाखवणारच नाही, आणि अहवालात मात्र वैविध्य कमी असे छापून येईल.

तेव्हा खरा तुटवडा आहे तो मरतुकीच्या वहीचा. केव्हा व्याली, किती पिले, कोणत्या नराची, किती मेली, कशाने. हे जनुकशास्त्र प्रयोगशाळेत सुरू होत नाही, ते या वहीत सुरू होते. आणि ती वही फक्त एकच माणूस लिहू शकतो: जो संध्याकाळी हाक मारून आपली डुकरे गोळा करतो आणि कानाच्या खुणेवरून दुसऱ्याच्या डुकरांतून वेगळी ओळखतो.

हा माणूस गावाच्या कोणत्या कोपऱ्यात उभा आहे, ते पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ आहे. महाराष्ट्रात डुकरे पाळणे हे कैकाडी, वडार यांच्यासारख्या जातींच्या वाट्याला आले, आणि जनावराची घाण पाळणाऱ्याच्या नावावर लिहिली गेली. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त शाळकरी जब्याच्या कुटुंबाला सगळ्या गावादेखत डुक्कर धरायला लावतात, त्यात अतिशयोक्ती नाही. नगरपरिषदा डुकरे पकडण्याचे ठेके काढतात. पकडलेली डुकरे दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून देण्याचे प्रकार होतात, त्यात मालकाचे नुकसान, नव्या गावाला रोगाचा धोका आणि पैदाशीची उरलीसुरली माहितीही मातीत. अशा माणसाकडे जाऊन, तुमच्याकडे डुकरे किती, असे कुणी सरकारी गाडीतून उतरून विचारले तर तो काय सांगेल? दोनच, तीही भावाची. पशुगणनेत डुकरे कमी होताना दिसतात: देशात २०१२ मध्ये १ कोटी ३ लाख होती, २०१९ मध्ये ९० लाख ६० हजार. त्यातली किती खरोखर घटली आणि किती मोजणाऱ्यापुढे आलीच नाहीत, हा प्रश्न मला सतावतो.

याच जिल्ह्यात गाईच्या बाबतीत काय घडले, ते आठवावे. गवळाऊ ही वर्ध्याची गाय. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा पट्टा, हेटीकुंडीला तिचे पैदास क्षेत्र. जर्सी-होल्स्टीनच्या संकराने तिचीही संख्या रोडावली, पण कुणीतरी हळहळले. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवेचे काम अंगावर घेतले, त्यामागे गांधींचा शब्द होता. गवळाऊ ही नोंदलेली जात आहे, तिची वर्णने आहेत, प्रदर्शनात तिला बक्षिसे मिळतात. म्हणजे देशी जनावर राखायची कला या जिल्ह्याला येते. फक्त ती ज्याच्या पाठीवर पुण्य असते त्या जनावरापुरती येते. गाईच्या खालोखाल डुकराला मान द्या, असे माझे म्हणणे नाही. मान नको, नोंद द्या. शेजारच्या गोव्याने ते करून दाखवले. तिथले काळे गावठी डुक्कर 'अगोंदा गोवन' या नावाने कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदले गेले, घुंगरू आणि नियांग मेघा यांच्यामागोमाग देशातली तिसरी नोंदणीकृत डुक्करजात म्हणून. अगोंदा हे काणकोण तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. विदर्भातले गावडुक्कर वेगळी जात ठरेल की नाही, हे मोजमाप झाल्यावरच कळेल. कदाचित ठरणारही नाही, शेजारच्या राज्यांतल्या डुकरांचीच ती एक शाखा निघेल. तरी बिघडत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. डुकराची प्रतिकारशक्ती वाढवून माणसाचे काय भले? जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात जोमाने वाढतो, क्युलेक्स डास तो तिथून उचलतात आणि माणसाला देतात. गाभण डुकरिणी सोडल्या तर डुक्कर बहुतेक वेळा आजारी दिसतही नाही. म्हणजे डुक्कर धडधाकट असणे हीच माणसाची अडचण. (हे डास भातखाचरांत वाढतात, त्यामुळे धोका कपाशी-सोयाबीनच्या देवळीपेक्षा भंडारा-गोंदियाकडे जास्त. पण नाल्या तर सगळीकडेच आहेत.) रोग पचवणे आणि रोग रोखणे यांतला हा फरक पैदासकार विसरले, तर ते निरोगी दिसणारे विषाणूचे कोठार तयार करतील. म्हणून रक्तातल्या विषाणूचे प्रमाण न मोजता केवळ जगला म्हणून नर निवडायचा, हे मला मान्य नाही. आणि फीतकृमीसाठी तर जनुकांकडे पाहायचीच गरज नाही. माणसाच्या विष्ठेतून अंडी डुकरात, डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून कृमी माणसात, आणि त्याची अंडी पोटात गेली की मेंदूत गाठी आणि फेफरे. ही साखळी तोडायला वापरात असलेला संडास, डुकरांना बंदिस्त जागा आणि नीट शिजवलेले मांस लागते. यावर जनुकशास्त्राचा अर्ज करणारा विद्वान मला भेटला तर मी त्याला आधी नगरपरिषदेच्या स्वच्छता विभागात पाठवीन.

दुसरा आक्षेप लसीचा. डुकरांचा जुना स्वाइन फिव्हर आपल्याकडे घरचाच झाला आहे आणि त्यावर लस आहे. पूर्वी ती सशांच्या अंगात वाढवत, आता इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशींत वाढवलेली लस काढली आहे. मग जनुके कशाला? लस आधी, यात दुमत नाही. पण लशीला कोणते जनावर किती प्रतिसाद देते, हेही त्याच सातव्या गुणसूत्रावरच्या खाचांवर काही अंशी ठरते. आणि आफ्रिकन तापाला अजून भरवशाची लस नाही.

त्या तापाच्या बाबतीत आपण पुरावाच पुरतो आहोत. साथ आढळली की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरे मारून पुरायची, असा नियम आहे. नियम बरोबर आहे. विषाणू थांबवण्याचा दुसरा मार्ग आज नाही. पण त्या खड्ड्यात आजारी जनावरांबरोबर तीही जातात जी आठ दिवस लागणीत राहून उभी होती. लाखात एखादे असेल, किंवा नुसतेच नशीबवान असेल. कुणालाच कळणार नाही, कारण कुणी त्याच्या कानाचा तुकडा ठेवला नाही. मारण्याआधी प्रत्येक जनावराचा नमुना, आणि सोबत ते आजारी होते की उभे होते एवढी एक खूण, इतके तरी कार्यपद्धतीत घालायला काय हरकत आहे? रोगाचा विषाणू त्यात असू शकतो, तेव्हा नमुना गावाबाहेर नेताना पूर्ण बंदोबस्त लागेल. निदान करायला नमुने नेतातच की.

वहीसाठी नवे खातेही काढायला नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे नगरपरिषदेतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठरवून दिली आहे. तिच्यात पाळीव जनावरांना जागा आहे. बहुतेक ठिकाणी ही नोंदवही झाडांची यादी करून संपते. तिच्यात वराहपालकांची नावे त्यांच्या संमतीने, त्यांच्या डुकरांच्या खुणा आणि मरतुकीचा तिमाही आकडा भरला, तर पकडमोहिमेचे पथक आणि नोंद घेणारा कर्मचारी यांना एकाच टेबलावर बसावे लागेल. त्या टेबलावर वाद होईल. व्हायलाच हवा. शिवाय उद्या या रक्तातून उपयोगी जनुकप्रकार निघाला तर लाभातला वाटा कुणाचा, हा प्रश्न त्याच कायद्याखाली विचारता येतो, आणि तेव्हा नोंदवहीत नाव असणे कामाचे ठरते.

वराहपालक पहिल्यांदा विचारील ते मात्र वेगळेच असेल: मला काय मिळणार? त्याला जनुकांच्या नावाने आशा दाखवू नये. निकाल लागायला दहा वर्षे जातील, कदाचित काहीच निघणार नाही. त्याला देण्यासारखे आहे ते असे: कानाचा कपचा घ्यायला जो माणूस दारी येईल, त्याच्या पेटीत स्वाइन फिव्हरची लस आणि जंताचे औषध असावे, आणि वहीतली माहिती पकडमोहिमेच्या यादीत जाणार नाही, हे नगरपरिषदेने शिक्क्यानिशी लिहून द्यावे. पहिली दोन कामे पशुसंवर्धन खाते आजही करू शकते. तिसऱ्याला ठराव लागेल.